नक्षी

दिवे घाट उतरून वडकीत आलं की डाव्या हाताला
कुंजुमोनचं दुकान.
मूळचा पालक्काडचा, मराठी मात्र फुरसुंगीची.
गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी
त्याच्या पुढच्या चाकाकडे बघतो.

"किती चालंल?" मी विचारतो.
नवी जोडी घेताना दर वेळी हेच विचारतो,
नवरीच्या बापासारखं.
कंपनीचा पोरगा म्हणाला होता, पन्नास हजार.
कुंजुमोन टायरलिव्हर बाजूला ठेवतो.
"तो पोरगा घाटातनं येतो का रोज?
टायर वेगळा चालतो, सोपानशेठ, बसणारा वेगळा चालवतो."

माझ्या पिकअपची एक वही आहे.
डिझेलची नाही. टायरची.

पुढची जोडी: एकतीस हजार चारशे.
आतली कड गेली. अलाइनमेंटचे चारशे रुपये वाचवले होते.

मागचा डावा: सव्वीस हजार.
त्या साली कोंढव्याला शहाबादी फरशी.
पासिंग दीड टनाचं, फरशी अडीच,
आणि वर दोन हमाल, बिड्या ओढत.
मालक म्हणायचा, "ढकल रे, जवळच तर आहे."
जवळ असतं माणसाला. टायरला नसतं.

मागचा उजवा: त्रेचाळीस हजार!
ते वर्ष शेवंतीचं. ॲस्टरचं.
पहाटे साडेतीनला सासवड, पाचच्या आत गुलटेकडी,
हौद्यात नुसता वास भरलेला.
फुलं टायरला कळतसुद्धा नाहीत.

शर्वरी पॉलिटेक्निकला आहे, पहिल्या वर्षाला.
तिनं एका रविवारी चाकाला सुतळी गुंडाळली,
जमिनीवर पसरून मोजली. सात फूट एक इंच.
मग फोनवर बोटं फिरवली.
"बाबा, चाळीस हजार किलोमीटर म्हणजे
एक कोटी पंच्याऐंशी लाख फेऱ्या.
आणि झिजतं किती, तर सहा मिलिमीटर.
म्हणजे एका फेरीला
काहीच झिजत नाही."

काहीच नाही.
एक कोटी पंच्याऐंशी लाख वेळा काहीच नाही,
आणि मग गोटा.

क्लच दाबताना डावा गुडघा कट् करून बोलला.
मी त्याला म्हटलं, तुझी वही नाही ठेवलेली.

"पण ते सहा मिलिमीटर गेले कुठं?"
"कुठं म्हणजे? घाटात.
वळणावर तर जास्तच.
तो रस्ता काळा दिसतो ना, थोडा तुमच्यामुळं."

त्या दिवसापासून तिसऱ्या वळणाला
मी गाडी जरा हळू घेतो. आपलंच पडलंय तिथं.

जूनमध्ये पुढचा उजवा पार गुळगुळीत झाला.
फी भरायची होती. म्हटलं, अजून एक महिना काढू.
कुंजुमोननं दोन रुपयाचं नाणं नक्षीत उभं केलं.
उभं राहीना. आडवं पडलं.
"हवा भर," मी म्हटलं.
"नाही भरणार."
"पैसे देतोय की."
"रिमोल्ड करून देतो, मागं लाव. पुढं नाही.
पुढचं फुटलं तर घाट फी विचारत नाही."
आणि पाइप गुंडाळून आत चहा प्यायला गेला.
चहा दोन कप आणला.
नवा टायर उधारीवर. सप्टेंबरपर्यंत.

रिमोल्डवाल्यानं आतली तार बघून मान हलवली,
म्हणून तो जुना मी घरी आणला, गोठ्याच्या पत्र्यावर टाकला,
वाऱ्यानं पत्रा वाजायचा ना रात्रीचा.
आता वाजत नाही.

वहीत त्याच्यापुढं लिहिलं: तेहतीस हजार सातशे.
खाली रेघ मारायला पट्टी घेतली,
तर शर्वरी म्हणाली, "थांबा की.
संपला कुठं तो?"

पट्टी ठेवली.
रेघेच्या जागी लिहिलं:
पत्र्यावर, बसून. चालू.